कृष्णाकाठच्या दोन राजधान्या

राजधानी म्हटली की तट, बुरूज, दरबार आणि सिंहासन एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. राजधानीला पोटही असते, ही गोष्ट इतिहासाची पुस्तके सहसा विसरतात आणि सहलीला निघालेली मंडळी मात्र तेवढीच लक्षात ठेवतात. महाबळेश्वरला किंवा कासच्या पठारावरील फुले पाहावयास जाणारे प्रवासी साताऱ्याला क्षणभर थांबतात, कंदी पेढ्यांचा पुडा घेतात आणि घाटाला लागतात. सांगलीच्या वाट्याला तेवढे थांबणेही येत नाही. कुणी पाहुण्याने आणलेली भडंगाची पिशवी एवढीच तिची अनेकांना ओळख असते. धर्मग्रामाच्या सहली आखणाऱ्या आमच्या बांधवांना आम्ही नेहमी सुचवितो की, पहाटे लवकर निघावे आणि ही दोन्ही नगरे एकाच दिवसात, एकापाठोपाठ एक पाहावीत. दोन्ही कृष्णामाईची लेकरे. दोन्ही एकेकाळच्या राजधान्या. राज्ये गेल्यानंतर नगरात काय उरते, या प्रश्नाचे उत्तर दोघींनी मिळून दिले आहे.

किल्ल्यावरून खाली

साताऱ्याचा दिवस अजिंक्यताऱ्यावर सुरू करावा. शिलाहार राजा भोज याच्या काळापर्यंत परंपरेने मागे नेला जाणारा हा किल्ला शिवछत्रपतींनी १६७३ मध्ये जिंकला. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब बादशहा त्याच्या पायथ्याशी तळ देऊन बसला. प्रयागजी प्रभू या वृद्ध किल्लेदाराने काही महिने किल्ला झुंजविला. मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग पेरले. परंतु एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूस ढासळला आणि हल्ल्यासाठी सज्ज असलेले मोगल सैनिकच त्याखाली मोठ्या संख्येने गाडले गेले. अखेर एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला. बादशहाने त्यास आपल्या पुत्राच्या नावावरून आझमतारा म्हटले. ताराबाईंच्या कारकिर्दीत तो पुन्हा मराठ्यांकडे आला. आज बादशहाने दिलेले नाव केवळ पुस्तकांत आहे.

तटावरून उत्तरेस पाहिले की सारे शहर ओंजळीत यावे तसे दिसते. ही शाहू महाराजांची निर्मिती. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा बालवयाचे शाहू आणि त्यांच्या मातोश्री येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या. १७०७ मध्ये सुटका झाल्यावर शाहूंनी सातारा घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी त्यांना राज्याभिषेक झाला. डोंगरमाथ्यावर कोंडून न राहता त्यांनी पायथ्याशी शाहूनगर वसविले. गडावरची राजधानी सपाटीवर उतरली, याचा अर्थ राज्याला आता वेढ्याचे भय उरले नव्हते. पुढे मराठी फौजा नर्मदा ओलांडून गेल्या, त्यांची आज्ञापत्रे याच नगरातून निघत. १७४९ मध्ये शाहू निवर्तले आणि सत्तेचे केंद्र पुण्यास सरकले.

गड उतरल्यावर कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीस जावे. येसूबाई तीस वर्षांच्या कैदेनंतर १७१९ मध्ये साताऱ्यास परतल्या. त्यांची समाधी येथेच आहे. दिल्लीपतीपुढे तीस वर्षे धीर न सोडणाऱ्या या स्त्रीच्या समाधीपुढे फारसे कुणी थांबत नाही. त्याच परिसरात शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी दाखवितात. शिकारीत वाघापासून त्याने धन्याचे प्राण वाचविले, असे सांगतात. मुलांना ही गोष्ट आवडते. ती सांगून झाल्यावर त्यांना येसूबाईंचीही सांगावी.

राजवाड्यातील शाळा

मध्यान्हीच्या सुमारास शहरात परतावे. पिठले, भाकरी आणि ठेचा, अथवा ज्यांना रुचते त्यांनी मटणाचा तिखट रस्सा, असे जेवण घ्यावे आणि शेवटी पेढा. साताऱ्याचा कंदी पेढा पांढरा नसतो. खवा मंद आचेवर तांबूस होईतो भाजतात आणि साखर बेताची घालतात. त्यामुळे तो टिकतो आणि त्याला भाजल्याचा खमंग वास राहतो. जावळीच्या डोंगरउतारावर चरणाऱ्या म्हशींचे घट्ट दूध हे त्याचे मूळ भांडवल. 'कंदी' हे नाव गोऱ्या साहेबांच्या 'कॅंडी'वरून पडले, अशी लोककथा आहे. ती खरी असो वा नसो, गोऱ्या साहेबांनी या नगरास नावाहून अधिक काही दिले आणि त्याहून अधिक काही नेले, हे मात्र खरे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. त्यांच्यावर नेमलेला रेसिडेंट ग्रँट डफ याने येथेच साधने जमवून मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतापसिंह विद्याप्रेमी व कर्तबगार होते. तहाने मिळालेले आपले हक्क ते शब्दशः मागू लागले आणि तोच त्यांचा अपराध ठरला. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. तेथेच १८४७ मध्ये ते वारले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले आणि तेरा-चौदा वर्षे लंडनमध्ये दारे ठोठावीत राहिले. न्याय मिळाला नाही. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले.

राजवाडा मात्र राहिला आणि त्यात शाळा भरू लागली. पुढे प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव चढले: भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला. ज्या वास्तूतून एका राजाला त्याचे हक्क मागितले म्हणून हद्दपार केले, त्याच नगरात, राजवाड्याच्या छायेत, कोट्यवधींना हक्क मिळवून देणारा मुलगा अक्षरे गिरवीत बसला. साताऱ्यास जाणाऱ्याने काही पाहिले नाही तरी चालेल. ही शाळा अवश्य पाहावी.

मसूरचे स्थानक

साताऱ्याहून सांगलीस शक्यतो आगगाडीने जावे. वाटेत कराडच्या अलीकडे मसूर नावाचे छोटे स्थानक लागते. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून निघालेली मुले नवे कपडे घालून येथे उतरली. वडिलांच्या नोकरीच्या गावी, गोरेगावला, त्यांना जायचे होते. वडिलांना पत्र वेळेवर पोचले नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि कोणीही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला; परंतु गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे, अशी त्याची अट होती. शिदोरी सोबत होती. पाणी मिळेना. डबा उघडला, पण पाण्यावाचून घास गिळवेना आणि मुले उपाशीच निजली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

आमच्या पोटात साताऱ्याचे जेवण असते, हाती पेढ्यांचा पुडा असतो आणि पाण्याची बाटली प्रत्येकाच्या पिशवीत असते. अशा वेळी हे स्थानक खिडकीतून मागे पडताना मुलांना ही हकीकत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. प्रभूच्या मेजाभोवती एकत्र येणाऱ्यांनी, घोटभर पाणी नाकारणे म्हणजे काय, हे विसरून चालणार नाही.

याच मातीने त्या अन्यायाला उत्तरही दिले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. गांधीजी १९२७ मध्ये हे वसतिगृह पाहून गेले. मसूरच्या उपाशी रात्रीनंतर अवघ्या पंचवीस वर्षांच्या आत, त्याच जिल्ह्यात ही पंगत बसली.

हळद, नाटक आणि पूर

सांगलीत पोचावे तो दुपार कलती झालेली असते. पूर्वी हे शहर सातारा जिल्ह्याच्या जवळचे संस्थान होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिरजेच्या पटवर्धनांत वाटणी झाली आणि चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीस आपली राजधानी केली. गणेशदुर्ग आणि कृष्णातीरीचे काळ्या पाषाणातील गणपती मंदिर ही त्यांची स्मारके.

त्यांचे तिसरे स्मारक दगडाचे नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून तसे काही मराठीत करावे, असे त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना सुचविले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' हे नाटक झाले. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि राजाश्रय आटला, तेव्हा भाव्यांनी खेळ गावोगावी नेला. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाले. राजाच्या दिवाणखान्यातील करमणूक अशा रीतीने लोकांच्या मालकीची झाली. दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो, त्याचे मूळ हेच.

संध्याकाळी हरिपूरला जावे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे हे गाव. येथील जमिनीत हळद साठविण्याची पेवे होती. तोंड अरुंद, पोट रुंद अशा या खोल खड्ड्यांत हवा खेळत नसे. त्यामुळे हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. सांगलीची पेठ हळदीसाठी देशभर नावाजली, त्यात या पेवांचा मोठा वाटा होता. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि त्यांची फार हानी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले. परंतु जिने ते नाव मिळवून दिले, ती जमिनीखालची विद्या मात्र मागे पडली.

परतताना आयर्विन पुलावर उभे राहावे. १९२९ मध्ये खुला झालेला हा पूल सांगलीकरांची पाण्याची घटिका आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये याच पुलाशी पाणी किती चढले, हे विचारीत सारे शहर रात्री जागले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तेव्हा पाठीवर गोळ्या आणि पुढे पावसाळी कृष्णा होती. त्यात दोघे जण हुतात्मा झाले. वसंतदादा खांद्यास गोळी लागून पकडले गेले आणि पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

रात्री जोंधळ्याची भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी घ्यावी. त्या वांग्यांची चव नदीच्या मळीची, म्हणजे ज्या पुराने घरे बुडतात त्यानेच आणलेल्या गाळाची. निघताना लसूण-मिरचीचा खमंग भडंग बांधून घ्यावा.

साताऱ्याचे राज्य न्याय मागताना गेले. सांगलीचे स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये विलीन झाले. दोन्ही गाद्या आता नाहीत. राजवाड्यातील शाळा, वसतिगृहाची पंगत आणि रंगमंच यांना मात्र वारस लागला तो रयतेतून, आणि त्या वारसाला कोणत्याही डलहौसीची मंजुरी लागली नाही. पेढ्यांचा पुडा घरी नेऊन सर्वांना वाटावा. वाटताना मसूरची हकीकत ज्यांनी ऐकली नसेल, त्यांना ती सांगावी.