बॉस्टनचा सव्वीस मैलांचा रस्ता

अथेन्स येथें १८९६ सालीं ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन झालें. तेथील मॅरॅथॉन शर्यत पाहून बॉस्टनची मंडळी भारावून स्वदेशीं परतली आणि पुढच्याच वर्षीं, १९ एप्रिल १८९७ रोजीं, बॉस्टन ॲथ्लेटिक असोसिएशननें तशीच शर्यत भरविली. १७७५ सालीं याच तिथीस लेक्झिंग्टन व काँकर्ड येथें इंग्रज सैन्याशीं झुंज होऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागलें होतें. स्वातंत्र्याच्या स्मृतिदिनींच या शर्यतीचा जन्म झाला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या वर्षीं अवघे १५ गडी धांवले आणि न्यूयॉर्कचा जॉन मॅक्डर्मट २ तास ५५ मिनिटें १० सेकंदांत पहिला आला. तेव्हां आरंभ ॲशलंड गांवीं होत असे. १९२४ सालीं तो आणखी पश्चिमेस, हॉपकिन्टनला नेण्यांत आला. पुढें १९२७ पासून २६ मैल ३८५ यार्डांचें ऑलिंपिकचें अंतर कायम झालें.

हॉपकिन्टनहून रस्ता उतरणीनें निघतो. ॲशलंड, फ्रेमिंगहॅम, नेटिक हीं गांवें मागें टाकून वेल्स्लीस पोहोंचतां निम्मी वाट सरते. नवख्यास ही उतरण सुखाची वाटते, आणि तेथेंच तो फसतो. उतारानें मांड्या गळून जातात आणि सोळाव्या मैलापुढें न्यूटनच्या चार टेकड्या समोर उभ्या राहतात. त्यांतली शेवटची ‘हार्टब्रेक हिल’, म्हणजे काळीज फोडणारी टेकडी. १९३६ सालीं जॉनी केलीनें आघाडीवरच्या एलिसन ब्राउनला येथें गांठलें व त्याच्या पाठीवर थाप मारली. नॅरॅगॅन्सेट या मूळच्या अमेरिकन जमातीचा तो तरुण त्या थापेनें चवताळला आणि शर्यत जिंकून गेला. केलीच्या त्या निराशेवरून टेकडीस हें नांव पडलें.

परंतु याहून लांब चढण दुसरीच होती. वेल्स्लीस मुलींचें महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थिनी रस्त्याच्या कडेस उभ्या राहून पूर्वापार धांवणाऱ्या पुरुषांस प्रोत्साहन देत आल्या. रस्त्यावर पाऊल टाकण्याची मात्र स्त्रीस मनाई होती. १९६६ सालीं रॉबर्टा गिब हिचा अर्ज, स्त्रीच्या शरीरास हें अंतर झेपणारें नव्हे, असें सांगून नाकारण्यांत आला. ती आरंभस्थळाजवळ झुडपाआड लपली, घोळक्यांत शिरली, आणि कित्येक पुरुषांच्या आधीं शर्यत पुरी करून मोकळी झाली. पुढच्या वर्षीं कॅथरिन स्वित्झर २६१ क्रमांक लावून धांवत असतां एका पंचानें भर रस्त्यांत तो हिसकण्याचा यत्न केला. तिनेंही शेवट गांठलाच. अखेर १९७२ सालीं दार उघडलें. आठ स्त्रिया निघाल्या, आठही पोहोंचल्या, आणि नीना कुस्किक पहिली आली.

हॉपकिन्टनपासून बॉस्टनपर्यंतचा रस्ता चांगला धांवपटू अडीच तासांत तोडतो. रस्त्याच्या कडेवरून रस्त्यावर येण्यास मात्र स्त्रीस ७५ वर्षें लागलीं. तिच्या दुबळेपणाचा निकाल देणाऱ्यांनीं तिला एकदां तरी धांवूं देऊन पाहिलें असतें, तर तो वेळ वांचला असता.