लूत
केस झडलेले, कानांच्या कडा खाजवून रक्ताळलेले कुत्रे दिसले की 'लूत लागली' म्हणून त्यास वेशीबाहेर हाकलावयाचे, आणि कोणी दयाळू असलाच तर त्याने करंजेलात गंधक खलून लावावयाचे, एवढाच आमच्या गावगाड्यात या व्याधीचा बंदोबस्त असे. तथापि गंधकाने लुतीचा किडा खरोखरच मरतो, हे त्या अनामिक हातांचे श्रेय मला थोर वाटते. लुतीसारख्याच माणसाच्या खरजेचे मूळ रक्तदोषात नसून त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म जीवात आहे, असे इटलीत बोनोमो व चेस्तोनी या अभ्यासकांनी १६८७ साली दाखविले. अशा जीवांचे भाऊबंद प्रत्यक्ष पाहावयाचे तर मांजराच्या कानातला कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ तेलाच्या थेंबात काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्यात पांढुरके अष्टपाद जीव हलताना दिसतात.