दोरीच्या टोकाचं अस्वल

परळी वैजनाथ बालाघाटाच्या रांगेत वसलेलं असलं, तरी बीड जिल्ह्यात जंगल फारच तुरळक. इथल्या कित्येक पिढ्यांनी अस्वल पाहिलं ते वारुळापाशी नव्हे, दरवेशाच्या दोरीच्या टोकाला. यात्रेची गावं आणि आठवडी बाजार ही दरवेशाची पोट भरायची ठिकाणं. मागच्या पायांवर डुलणारं काळं जनावर, त्याच्या पाठीवर बसवलेली पोरं, आणि त्याच्या केसांचा ताईत बांधला की मूल दचकत नाही ही समजूत, एवढ्यावर आपली ओळख आटोपली. या खेळाने अस्वल घरोघरी पोचवलं हे खरं, पण ते झाकलंही त्यानेच.

चकलो ते आपणच नव्हे. 1791 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने लांब नख्या आणि दातांतली फट पाहून या प्राण्याला थेट दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या, म्हणजे झाडाला उलटं लटकणाऱ्या सुस्त प्राण्याच्या गोतात बसवलं. चूक पुढे सुधारली. इंग्रजी नावातला स्लॉथ मात्र तसाच राहिला. खरी गंमत त्या फटीतच आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात या अस्वलाला नसतात. नख्यांनी वारूळ फोडायचं, नाकपुड्या मिटायच्या, फुंकरीने माती उडवायची आणि ओठांचा नळा करून त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, असा त्याचा खाक्या. मांसाहारी गणातला हा प्राणी किडामुंगी, मध, बोरं आणि मोहावर जगतो. आज जगात अस्वलांच्या 8 जाती आहेत, त्यातल्या 4 भारतात. पांडाची शाखा सगळ्यांत आधी फुटली, मग अँडीजमधल्या चष्मेवाल्या अस्वलाची. बाकीच्या सहा त्यामानाने अलीकडे, भराभर वेगळ्या झाल्या. इतक्या अलीकडे की कॅनडात 2006 मध्ये मारलेलं एक अस्वल ध्रुवीय मादी आणि तपकिरी नराचं निघालं. मग या जाती वेगळ्या म्हणायच्या तरी कशाला, असं कुणी विचारील. रक्त मिसळतं हे मान्य. पण ध्रुवीय अस्वलाचा जबडा सीलसाठी आणि आपल्या अस्वलाचा वाळवीसाठी घडला आहे, हा फरक त्या मिसळण्याने पुसला गेलेला नाही.

दरवेशाइतकं अस्वल कुणाला ठाऊक होतं, हा आक्षेप जास्त वजनदार. पिढीजात धंदा, चोवीस तासांची सोबत. पण त्याला ठाऊक असलेलं अस्वल पिलू असतानाच आईपासून तोडलेलं, तापल्या सुईने नाकाडं टोचून दोर ओवलेलं, बहुतेकदा सुळे काढलेलं. वारुळापाशी त्याचं काय चालतं हे त्या दोरीवरून कळणार कसं? अस्वल गुदगुल्या करून माणसाला मारतं, ही गोष्ट आपल्याकडे टिकली ती याच अज्ञानावर. जंगलात दचकलेलं अस्वल सरळ तोंडावर पंजा मारतं. 1972 चा वन्यजीव कायदा आणि अस्वलाच्या खेळांवरची 1998 ची बंदी यांनी धंदा मोडला. पोटावर पाय आला म्हणणाऱ्या दरवेशाची तक्रार खोटी नव्हती, पण पर्यायी रोजगार न देणं हा सरकारचा दोष. त्याने दोरी योग्य ठरत नाही. अस्वल पाहायचंच तर परळीकराने बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याकडे जावं. सगळ्या अस्वलांत पिलांना नेमाने पाठीवर घेऊन हिंडणारी ही एकच जात. तिच्या खांद्यांवरचे केस लांब आणि दाट असतात, त्यांना धरून पिलं बसतात. पोरांना बसवत ते याच पाठीवर, आणि ताईतासाठी उपटत ते याच अस्वलाचे केस.