मूळपुरुष, नागपूर प्रांतातील

मूळपुरुष : वंशावळीत ज्याच्यापासून पिढ्या मोजतात तो पूर्वज. नागपूर प्रांतात, म्हणजे वर्धा नदीच्या पूर्वेकडील जुन्या भोसले राज्यात, या शब्दाला आणखी एक छटा आहे : बाहेरच्या मुलखातून आलेला आणि कोणत्या तरी सत्तेची चाकरी धरून इथेच राहिलेला पहिला माणूस. त्यामुळे येथील वंशशोध दोन प्रश्नांभोवती फिरतो. तो कुठून आला, आणि कोणाचे मीठ खाऊन राहिला. पहिल्याचे उत्तर घरात मिळते व ते बहुधा ऐकीव असते. दुसऱ्याचे दप्तरात मिळते, कारण मिठाचा हिशेब लिहिला जातो. प्रस्तुत नोंद मुख्यतः दप्तरांविषयी आहे.

वसाहतीचे टप्पे : देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी (राजापूर बारसा) एकत्र करून नागपूर वसवले. शेतकरी व कारागीर बाहेरून आणण्याचे धोरण त्याचेच. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तळे बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत पाडली. अशा जमिनीस तुकूम म्हणत. तळी बांधण्यात वाकबगार असलेले कोहळी लोक काशीकडून आणले गेले अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. यानंतर रघूजी भोसले (पहिले) यांच्याबरोबर घाटावरचे मराठे, देशस्थ व कोकणस्थ ब्राह्मण, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आले. बंगालच्या स्वारीचा सेनापती भास्करराम कोल्हटकर, जो १७४४ मध्ये अलिवर्दीखानाच्या छावणीत दगा होऊन मारला गेला, तो याच लाटेतला. भोसल्यांचे घराणे स्वतःही हिंगणीकर म्हणून ओळखले जाते. वेरूळच्या भोसल्यांशी त्याचे नेमके नाते काय, याबद्दल मतभेद आहेत.

वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार समाजाचे उदाहरण वंशशोधकाने मुद्दाम पाहावे. माळव्यातील धारेहून आपण आलो, आधी रामटेकजवळच्या नगरधनला राहिलो, पुढे चिमणाजी भोसल्याला कटकच्या मोहिमेत साथ दिली म्हणून वैनगंगेच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या, अशी त्यांची परंपरा रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथात उतरली आहे. चाकरी, मग जमीन, मग वस्ती हा क्रम इतका स्वच्छ क्वचितच सापडतो. म्हणूनच तो थोडा संशयाने वाचावा. शिवाय 'कटक' या शब्दाची एक खोच आहे. जुन्या मराठीत कटक म्हणजे फौज, फौजेचा तळ. 'आमचा आजा कटकात होता' एवढ्यावरून त्याला ओडिशात नेऊन सोडणारे वंशावळकार कमी नाहीत.

निमकहलालीचे कागद : २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेची व इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याच्या तुकडीची लढाई झाली. आप्पासाहेब हरले. शहरातील अरब शिपायांनी डिसेंबरअखेरपर्यंत महाल सोडला नाही. अखेर तहाने बाहेर पडले. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना अटक झाली, मे महिन्यात ते वाटेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले आणि १८४० मध्ये जोधपुरास वारले. गादीवर अल्पवयीन रघूजी तिसरे आले. वाड्यातली सूत्रे रघूजी दुसऱ्यांच्या विधवा बाकाबाई यांच्याकडे आणि राज्याचा कारभार जेन्किन्सकडे गेला.

वंशशोधाच्या दृष्टीने या प्रांताचा इतिहास इथे दुभंगतो. जे रेसिडेंटच्या बाजूला राहिले किंवा वेळीच वळले, त्यांची गावे, नेमणुका आणि पुढे पेन्शनी लिहून ठेवल्या गेल्या. जे आप्पासाहेबांबरोबर डोंगरात गेले ते यादीतून गेले. एकाच घराण्याच्या दोन शाखांपैकी एकीचे सात पुरुष नावानिशी सांगता येतात आणि दुसरी 'पुढे वंश नाही' या शेऱ्यावर संपते, तेव्हा तो शेरा निर्वंशाचा असेलच असे नाही. अर्थ कधी कधी एवढाच, की त्या शाखेला सरकारातून काही मिळणे थांबले.

जेन्किन्सचा नागपूर राज्यावरील अहवाल १८२७ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर त्याच्याच सांगण्यावरून लिहिली गेली असे मानतात. म्हणजे मराठी बाजूचे म्हणून आपण जे साधन हाती धरतो त्याच्याही उगमाशी रेसिडेंट बसलेला आहे. रेसिडेन्सीतील निवडक पत्रव्यवहार ह. ना. सिन्हा यांनी संपादित केला. १८१७ पूर्वीच्या काळासाठी सरदेसाईंच्या पेशवे दप्तरातील भोसल्यांना वाहिलेला २० वा खंड आणि या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४) यांना पर्याय नाही. काळ्यांच्या ग्रंथात सरदार-मुत्सद्दी घराणी भरपूर आहेत. बारगीर, शागिर्द आणि खिदमतगार जवळपास नाहीत.

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी तिसरे औरस पुत्रावाचून वारले. मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, जामदारखान्याचा लिलाव झाला. १८५७ मध्ये बाकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही. त्याची पावती म्हणून पुढे दत्तक जानोजींना मान्यता मिळाली ती 'राजाबहादूर ऑफ देऊर' या किताबाने. देऊर हे गाव सातारा जिल्ह्यातले. शंभर वर्षे नागपुरावर राज्य केलेल्या घराण्याला इंग्रजांनी असे पुन्हा घाटावरच्या गावाचे नाव दिले. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला; नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला.

लिपी व कालगणना : विसाव्या शतकापूर्वीचा बहुतेक कागद मोडीत आहे. मोडी येणे पुरेसे नाही, सन उलगडता आला पाहिजे. शके असल्यास ७८ मिळवावे. शुहूर सन (मृगसाल) असल्यास मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे. हा सन अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात : 'खमस सितैन मया व अलफ' म्हणजे पाच, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६५, अर्थात इ. स. १७६४-६५. तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस. फसली सनाचा घोळ सर्वांत मोठा. दख्खनी फसलीत ५९० मिळवतात, उत्तरेकडच्या फसलीत ५९२. नागपूर या दोन रिवाजांच्या शिवेवर असल्याने कागद कोणत्या कचेरीतून निघाला हे आधी पाहावे. दोन वर्षांची चूक क्षुल्लक वाटते, पण १८१६ आणि १८१८ यांच्यामध्ये सीताबर्डी आहे.

आडनावे : हुद्द्यावरून पडलेली आडनावे (चिटणवीस, फडणवीस, पोतनीस, बक्षी, सुभेदार, किल्लेदार, वऱ्हाडपांडे) चाकरी सांगतात, रक्त सांगत नाहीत. एका फडाचे दोन कारकून, दोन गोत्रांचे, दोघेही फडणवीस. हुद्दा वंशपरंपरेने चालला तिथे मात्र आडनाव भरवशाचे ठरते. महालातील चिटणवीस घराणे हे ठळक उदाहरण. त्यातील सर गंगाधरराव चिटणवीस पुढे मध्यप्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. जुने आडनाव टाकून नवे घेतल्याची तारीख घराण्यात कोणी सांगत नाही. ती दोन कागदांच्या मध्ये कुठे तरी पडलेली असते.

बंदोबस्त : वर्धा नदी ओलांडली की दप्तर बदलते. १८०३ च्या देवगावच्या तहाने नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला आणि १८५३ पासून इंग्रजांच्या हाती आला; तिथे मुंबई धर्तीची खातेदारी लागू झाली. पूर्वेला १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने मालगुजारांना गावाची मालकी दिली. मालगुजाराचे घराणे असल्यास काम सोपे : बंदोबस्ताच्या मिसलीत गाव कसे व कोणाकडून मिळाले याची हकीकत असते, 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये गावचे रिवाज असतात. मालगुजाराने आपला हक्क सिद्ध करण्यासाठी सांगितलेली ती हकीकत आहे हे ध्यानात ठेवावे. आजोबा पराक्रमी नसते तर गाव मिळाले नसते. कुळाच्या घराण्याला खसरा व हक्कनोंदणीतील एकेका ओळीवर भागवावे लागते. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. वऱ्हाड व नागपूरचे आठ जिल्हे १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, त्यामुळे एका मिसलीच्या मागे नागपूर, मुंबई व भोपाळ अशा तिन्ही ठिकाणी चौकशी करावी लागू शकते.

जातपडताळणी : आज मूळपुरुषाचा शोध घेणाऱ्यांत हौशी इतिहासकार थोडे आणि प्रमाणपत्रासाठी धावणारे पालक फार. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागतात. त्यामुळे कोतवाल बुक (गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्ममृत्यूची वही) आणि शाळेचा दाखलखारीज यांना ताम्रपटाचे मोल आले आहे. कोतवाल बुकात बापाचे नाव व जात असते, मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण बारसे व्हायच्या आत नोंद झालेली असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी नेमलेल्या न्या. शिंदे समितीमुळे मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

कामठी : १८२१ मध्ये वसलेल्या या छावणीत मद्रास फौजेबरोबर तेलुगू व तमिळ घराणी आली. ख्रिस्ती असल्यास बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या नकला मद्रास इलाख्याच्या चर्चनोंदींत, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, पाहाव्यात. मुंबईच्या नोंदींत शोधून हात हलवीत परतणारे बरेच.

तुलना : बाहेरून आलेला, सत्तेशी निष्ठा ठेवून जमीन मिळवलेला आणि म्हणून कागदात उरलेला मूळपुरुष इतरत्रही भेटतो. जर्मनीच्या पॅलाटिनेट भागातील निर्वासित १७१० च्या सुमारास न्यू यॉर्क वसाहतीत आले. अमेरिकन क्रांतीत त्यांच्यापैकी काही कुटुंबे इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिली, घरेदारे गमावून १७८४ च्या सुमारास कॅनडात गेली आणि तिथे सरकारी जमिनीवर वसली. त्यांच्या वंशजांना पूर्वज सापडतो तो शिधावाटपाच्या याद्यांत, नुकसानभरपाईच्या दाव्यांत आणि जमिनीच्या अर्जांत. १७८९ मध्ये अशा एकनिष्ठांच्या मुलामुलींना प्रत्येकी २०० एकर देण्याचे ठरल्यामुळे 'मी अमक्याची मुलगी' असे शपथेवर सांगणारे अर्जच वंशावळ होऊन बसले आहेत. आडनावांचे तिथेही तेच : श्मिटचा स्मिथ झाला, लिहिणारा कारकून इंग्रज होता म्हणून. फरक जमिनीच्या हिश्शात. तिथे मुलीला स्वतःच्या नावे जमीन मिळाली, त्यामुळे ती कागदात राहिली.

कुलवृत्तांत व नामावळ्या : कोकणस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत नागपूर शाखेला बहुधा एक पान देतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव व आडनावानुसार लावलेल्या असतात. मूळ गाव ठाऊक नसेल तर उपाध्यायही हात टेकतो. भाटांच्या वंशावळी : पहा 'भाट'.

स्त्रिया : वंशावळींत माहेरचे नाव सहसा नाही.