शिशापलीकडची नजर
पालघर जिल्ह्यात, तारापूरला, १९६९ साली अणुवीज तयार होऊ लागली. न्यूट्रॉनने धातूच्या पोटातलं चित्र टिपण्याची विद्या मात्र तुर्भ्याला रुजली. १९५६ साली सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीवर.

क्ष-किरण शिशापुढे हात टेकतात. न्यूट्रॉन शिसं सहज ओलांडतात आणि अडखळतात ते हायड्रोजनपाशी! म्हणून धातूच्या कवचातलं रबरी कडं किंवा स्फोटक द्रव्य चित्रात गडद उमटतं. अणुभट्टीतल्या झिर्कोनियमच्या नळीत मुरलेला हायड्रोजन तिला ठिसूळ करतो. तोही नळी न कापता दिसतो. या विद्येचं खरं मोल इथेच आहे. तिच्याच टोमोग्राफी या प्रकारात वस्तू थोडी थोडी फिरवून चित्रं घेतात, संगणक त्यांतून आतले छेद उभे करतो.

जुनी ‘अप्सरा’ २००९ साली थांबली. २०१८ साली त्याच आवारात ‘अप्सरा-यू’ सुरू झाली.