सनद, गळ आणि मूर्ती

३ जानेवारी २०१६ च्या रविवारी मारुंजीच्या माळावर लाखाहून अधिक माणसे एकाच गणवेशात रांगा धरून बसली होती. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या पश्चिम महाराष्ट्र प्रांताचा तो ‘शिवशक्ती संगम’. सरसंघचालक मोहन भागवत यांचे भाषण ऐकायला खेड्यापाड्यांतून गाड्या भरून आल्या होत्या, आणि हिंजवडीच्या वाहतुकीला एरवी शिव्या घालणाऱ्यांनाही त्या दिवशी नवा विषय मिळाला. जाता जाता एक नोंद: खाकी अर्ध्या चड्डीतला इतका मोठा मेळावा नंतर पाहायला मिळालाच नाही, कारण त्याच वर्षीच्या विजयादशमीपासून संघाने फुल पँट स्वीकारली.

अशी गर्दी जमली की बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे फिरून एकाच शब्दापाशी येतात: धर्मनिरपेक्षता. एक पक्ष म्हणतो, हा शब्द बाहेरून आणून आपल्यावर लादला. दुसरा म्हणतो, १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला आणि तिथेच त्याचे रक्षण व्हायला हवे. (त्या दुरुस्तीच्या हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत मात्र ‘धर्मनिरपेक्ष’, या एका फरकावर कित्येक व्याख्याने झाली.) गंमत अशी की दोन्ही पक्ष दिल्लीकडे बोट दाखवतात. मुळा आणि पवना यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या मारुंजीतून निघून नुसती पंधरा किलोमीटरची वाट चौफेर फिरली, तर या शब्दाच्या पोटातला झगडा साडेतीनशे वर्षे मागे जातो. निरपेक्ष असे इथल्या कुठल्याच राजवटीला राहता आले नाही. प्रत्येकीने देवांशी व्यवहार केला, आणि व्यवहार म्हटला की वही आली.

सगळ्यात जाड वही चिंचवडची.

पवनेच्या काठी गणेशभक्त मोरया गोसावींची समाधी आहे. तिथल्या शिलालेखाप्रमाणे देवळाचे काम शके १५८० च्या कार्तिकात, म्हणजे १६५८ साली सुरू झाले आणि पुढच्या आषाढात संपले. अफझलखान अजून प्रतापगडाच्या पायथ्याशी यायचा होता. मोरयांचे चिरंजीव चिंतामणी यांच्यापासून या घराण्याला ‘देव’ म्हणू लागले. हे नाव तुकोबांनी दिले अशी आख्यायिका. सात पिढ्यांपर्यंत घराण्यातला कर्ता पुरुष हा गणपतीचा अंश, अशी लोकांची श्रद्धा. त्यामुळे चिंचवडला देव गाभाऱ्यात होता तसा वाड्यातही होता. तो जेवत होता, सही-शिक्का करत होता, आणि अर्थातच जमिनींचा मालक होता.

या जमिनी दिल्या कोणी? आदिलशाहीने, मोगलांनी, भोसल्यांनी, पेशव्यांनी. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८९ साली चिंचवडच्या देवांवर अख्खे पुस्तक लिहिले ते याच कागदांच्या जोरावर. गादीवर सुलतान असो, बादशहा असो की छत्रपती, सनद नवी करून घेण्याचे काम थांबले नाही. औरंगजेबाची गोष्ट तर भागातल्या म्हाताऱ्यांना आजही पाठ असते. बादशहाने घराण्यातल्या नारायण देवांची परीक्षा पाहायला झाकलेले ताट पाठवले, आत मांस. कापड काढले तर जाईची फुले! खूश होऊन बादशहाने आठ गावे दिली. गोष्ट खरी की खोटी यापेक्षा ती काय मान्य करते ते बघण्यासारखे आहे. परधर्मी बादशहाचे दान नाकारावे असे तिच्यात कुणालाच वाटत नाही. फक्त दान देवाच्या अटीवर आले पाहिजे.

मग ईस्ट इंडिया कंपनीची माणसे आली. कॅप्टन एडवर्ड मूर १८०० साली चिंचवडला गेला आणि त्याने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये पुण्याच्या ब्राह्मणांच्या या वंशपरंपरागत जिवंत देवतेवर निबंध छापला. मूर कुतूहलाने लिहितो. १८०९ मध्ये आलेल्या मारिया ग्रॅहम या प्रवासी लेखिकेला मात्र सगळाच प्रकार किळसवाणा वाटला. तिला दिसला एक लहान मुलगा, आणि त्याच्या डोळ्यांतली अस्वस्थ झाक रोज दिल्या जाणाऱ्या अफूची, असे तिने ऐकीव माहितीवर नोंदवले. ग्रॅहमबाईंच्या नजरेत साहेबी तुसडेपणा भरपूर आहे; तरी देव झालेल्या त्या पोराचे बालपण कोणी विचारात घेतले होते का, हा प्रश्न तिच्या नोंदीतून निसटत नाही.

१८१० साली धर्मधर देव वारले आणि थेट वंश खुंटला. आता पेच पडला. सनदांचे उत्पन्न देवाच्या नावाने चालू होते; देव नाही तर उत्पन्न नाही. तेव्हा दूरच्या नात्यातल्या सखाहरींना गादीवर बसवून परंपरा पुढे नेण्यात आली. श्रद्धा वहीला शरण गेली असे कोणी म्हणेल. वहीमुळे श्रद्धेला निवारा मिळाला असेही म्हणता येईल. त्या काळच्या पुजाऱ्यांना हे दोन वेगळे प्रश्न वाटलेच नसतील.

पेशवाई बुडताना कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतने, इनामे, वर्षासने आणि धर्मादाय संस्था चालू राहतील असे वचन दिले. वचन भाबडेपणाचे नव्हते. देवस्थाने दुखावली तर रयत बिथरेल हा हिशेब त्यामागे होता. पण विलायतेत मिशनरी संतापले. ख्रिस्ती सरकारने मूर्तींच्या पूजेला पैसा पुरवावा हे त्यांच्या पचनी पडेना. १८३३ साली कंपनीच्या संचालकांनी खलिता धाडला: देवळांच्या कारभारातून अंग काढून घ्या. हिंदुस्थानातल्या सरकारने धर्मापासून दूर राहावे, ही मागणी अशी पहिल्यांदा जोरात आली ती नास्तिकांकडून नव्हे, कट्टर धर्मनिष्ठांकडून. धर्मनिरपेक्षतेच्या आजच्या भांडणात ही वंशावळ कोणालाच सोयीची नसते, म्हणून ती सहसा सांगितली जात नाही.

पुण्यात तर दक्षिणेचा प्रश्न उभा राहिला. पेशव्यांच्या काळी शास्त्री-पंडितांना वाटली जाणारी दक्षिणा कंपनीने चालू ठेवली आणि तिच्यातूनच १८२१ साली पुण्याची संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मंडळींनी अर्ज केला की या पैशातला काही वाटा चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली, मारहाणीची भाषा झाली, आणि अर्ज सुरक्षित पोचवायला जोतीराव फुल्यांनी दोनशेच्या आसपास माणसे उभी केली. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. देवाधर्माचा पैसा विद्येकडे वळवण्याची ही लढाई रस्त्यावर, बाहुबळ दाखवूनच जिंकावी लागली.

इकडे १८५२ च्या अकराव्या अ‍ॅक्टाने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला कायद्याचे दात दिले. गावोगावचे जुने कागद कचेरीत आले. जाईच्या फुलांना त्या कचेरीत किंमत नव्हती. शिक्का, तारीख, भोगवटा यांना होती. चमत्कार हा पुरावा नाही, हे तत्त्व या मुलखाला कुणा बुद्धिवाद्याच्या व्याख्यानाच्या आधी महसुली कारकुनाने शिकवले.

स्वातंत्र्यानंतर वही धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत गेली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देऊळ, मठ, चर्च, अग्यारी सगळ्यांना एकाच नोंदणीखाली आणले. त्याविरुद्ध काही जैन आणि पारशी ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात न्यायालयाने बारीक रेघ ओढली: हिशेब तपासण्याचा सरकारला अधिकार आहे, त्यासाठी घेतलेले अंशदान हे शुल्क आहे, कर नव्हे, पण धार्मिक ट्रस्टवर आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवता येणार नाही. आज मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या अष्टविनायकांतल्या तीन ठिकाणांचा कारभार पाहणारा चिंचवड देवस्थान ट्रस्ट याच चौकटीतला. देवाचे घराणे ट्रस्ट झाले. भाद्रपदात आणि माघात मोरगावला जाणारी पालखी मात्र निघतेच.

रतिलाल खटल्याचा निकाल लागला त्याच वर्षाच्या शेवटी चिंचवडच्या वायव्येला एक निराळी घटना घडली.

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. ते नुकतेच रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतले होते. देहूरोड ही लष्करी डेपोची वस्ती. तिथल्या कष्टकरी माणसांनी विहार उभारला होता. नागपूरची त्यांची बौद्ध धर्मदीक्षा अजून पावणेदोन वर्षे पुढे होती. याच आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत के. टी. शाह यांची ‘सेक्युलर’ आणि ‘सोशलिस्ट’ हे शब्द घालण्याची सूचना स्वीकारली नव्हती. उद्याच्या पिढ्यांनी आपली समाजरचना कशी करावी हे आजच बांधून ठेवू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सहा वर्षांनी ते स्वतः मूर्ती बसवायला येतात, यात काहींना विसंगती दिसते. ती नाही. माणसाला धर्म लागतो, पण तो बुद्धीला पटणारा आणि माणसाला समान मानणारा हवा, ही त्यांची धारणा जुनी होती. देहूरोडला त्यांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, आणि आपण ते सिद्ध करणारा ग्रंथ लिहू, असेही सांगितले. ग्रंथ झाला नाही. पण हे बोलायला जागा कोणती निवडली? तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावरची. वारकऱ्यांच्या अंगणात उभे राहून विठोबावर हक्क सांगणे ही इतिहासाची चर्चा होती, तसेच ते आव्हानही होते.

त्याच देहूतून आषाढीला तुकोबांची पालखी निघते तेव्हा तिचा पहिला विसावा आणि आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी होते. अनगडशहा हा तुकोबांच्या काळातला फकीर. कशानेच न भरणारा त्याचा कटोरा तुकोबांच्या मुलीने टाकलेल्या चिमूटभर पिठाने भरला, अशी कथा. पालखी सोहळा सुरू केला तो तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी, १६८५ साली. या विसाव्याला सर्वधर्मसमभाव म्हणून भाषणांत ओढले जाते. वारकऱ्यांच्या लेखी तो नुसता रिवाज आहे, आणि कदाचित म्हणूनच टिकला.

स्वातंत्र्यानंतर पट्टाच बदलला. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी निर्वासित आले आणि झुलेलालला घेऊन आले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात एमआयडीसी. केरळी, बिहारी, तमिळ, बंगाली कामगारांपाठोपाठ अय्यप्पा, छठ आणि दुर्गापूजा आल्या. कारखान्यात खंडेनवमीला लेथला हार घातला जातो, आणि तो घालताना ऑपरेटर कुठल्या धर्माचा हे सहसा कोणी विचारत नाही. पेढे मात्र सगळे खातात.

मारुंजीच्या अगदी शेजारी, हिंजवडीत, हिशेबाचा सगळ्यात अवघड कागद अजून उघडा आहे. हिंजवडी आणि वाकड यांचे ग्रामदैवत एकच, म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला त्याचे बगाड निघते. मानाचा गळकरी जांभुळकर घराण्यातला. त्याच्या पाठीत गळ टोचतात, त्याला बगाडावर चढवतात आणि भंडारा उधळत गाडा वाकडच्या दिशेने ओढला जातो. वाईजवळच्या बावधनचे बगाड याहून प्रसिद्ध आहे, पण तिथे बगाड्याला दोरांनी आणि कापडाने बांधतात. हिंजवडीत गळ अजून लोखंडाचा आहे.

गळाशी सरकारचे भांडण नवे नाही. बंगालमध्ये चडकपूजेतल्या गळावर १८६५ साली बंदी आली. मद्रास सरकार कितीतरी वर्षे चाचपडले आणि १८९४ मध्ये बंदीच्या बाजूला झुकले. कंपनीच्या आणि राणीच्या अधिकाऱ्यांना अडचण तीच: माणूस स्वखुशीने टोचून घेतो, नवस त्याचा, पाठ त्याची, मग गुन्हा कोणाचा? राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ‘आरोग्य’ या शब्दात पाठीतली जखम बसते की नाही, यावर वकील दिवसभर बोलू शकतील.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यांनी ज्याच्यासाठी अठरा वर्षे आमदारांचे उंबरे झिजवले तो जादूटोणाविरोधी कायदा चारच दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. खुनाच्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. कायदा वाचला तर तो तडजोडींनी विणलेला दिसतो. यात्रा, वारी, कीर्तन यांना तो हात लावत नाही. मुलांचे कान-नाक टोचणे आणि जैनांचे केशलोचन यांना स्पष्ट सूट आहे. अलौकिक शक्तीच्या कृपेसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या किंवा गंभीर इजा करणाऱ्या कृती मात्र गुन्हा. टोचलेला कान चालतो, गंभीर इजा चालत नाही. पाठीतला गळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. दाभोलकर स्वतः देव-धर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, असे सांगत राहिले. शोषण म्हणायचे तर शोषक कोण हे दाखवावे लागते, आणि हिंजवडीत गळकरी होण्यासाठी कोणी कुणाला धरून आणत नाही. उलट तो मान असतो. मानाचा दाब हा दाब असतो का, हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले नाही.

चैत्र पौर्णिमेच्या दिवशी दुपार कलताना वाहतूक पोलीस वाकडच्या चौकात अडथळे लावतात. आयटी पार्कच्या कंपन्यांच्या बस वळसा घालून निघतात, आतली माणसे काचेला मोबाइल टेकवून चित्रीकरण करतात. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असलेला एखादा गावचाच पोरगा त्यांतल्या एका बसमधून अर्ध्यात उतरतो, ओळखपत्र खिशात सारतो आणि दोराला हात लावायला गर्दीत शिरतो.