बंद इंजिनाची बोट खरेच स्वस्त पडते?

जुनी बोट घेऊन तिला विजेची मोटर बसवायची असेल, तर इंजिन निकामी झालेलीच बोट हुडकावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागचा युक्तिवाद उथळ नाही. जे इंजिन उपटून टाकायचे, त्याचे पैसे का मोजावेत? इंजिन बसले की बोटीचा भाव पडतो. वाचलेली रक्कम बॅटरीला लागते. मोटर मात्र जुन्या इंजिनाइतक्याच अश्वशक्तीची घ्यावी, म्हणजे वेग तोच राहील.

हिशेब मांडला की यातले फारच थोडे टिकते.

आधी अश्वशक्ती घेऊ. इंजिनाच्या पाटीवरचा आकडा पूर्ण फेऱ्यांवरचा असतो. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे 4 नॉटऐवजी 6 नॉटने जायचे तर जवळजवळ साडेतीनपट. पाण्याच्या रेषेवर 25 फूट लांब असलेल्या बोटीची स्वाभाविक वेगमर्यादा सुमारे 6.7 नॉट. तिथे पोहोचेपर्यंत ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि शक्तीची मागणी घनाच्या नियमालाही मागे टाकते. त्या शेवटच्या अर्ध्या नॉटसाठी बॅटरी का रिकामी करायची?

पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीची गोष्ट याहून बिकट. तिचे 100 अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे सुमारे 75 किलोवॉट. पूर्ण जोराने तासभर पळायला 75 युनिट हवेत, आणि तेवढ्या लिथियम बॅटरीचे वजन सहा-सातशे किलो. एवढे ओझे घेऊन ती बोट उचलेल का? निर्णय मोटर करत नाही, बोटीचा तळ करतो. केरळात वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर 2017 पासून धावणारी ‘आदित्य’ ही विजेची फेरीबोट 75 प्रवासी घेऊन जाते, ती 20 किलोवॉटच्या दोन मोटरींवर. तिचा जोडतळ मुळातच हलका आणि निमुळता आखलेला आहे.

आता मुख्य मुद्दा. बॅटरी किती हवी, हे कोणत्या आधारावर ठरवणार? चालते डिझेल इंजिन हे त्याचे सर्वांत भरवशाचे मोजमाप आहे. टाकीऐवजी खुणा केलेल्या कॅनमधून डिझेल द्या. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. नाहीतर इंजिनाने न वापरलेले, टाकीकडे परतणारे डिझेलही खर्चात धरले जाईल. मग भरती-ओहोटीची ओढ वजा व्हावी म्हणून जाऊन-येऊन, दोन्ही दिशांनी, 4, 5 आणि 6 नॉटला बोट चालवा. डिझेलच्या एका लिटरात सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. शाफ्टवर फार तर 3 पोहोचतात. 5 नॉटला तासाला 1 लिटर जळत असेल, तर चार तासांच्या फेरीला 12 युनिट धरा. मोटर-कंट्रोलरची गळती आणि राखीव साठा धरून 18 ते 20 युनिटची बॅटरी पुरेल. जुने इंजिन कमी भारावर याहून कमी ऊर्जा पोहोचवते, त्यामुळे हा अंदाज चुकलाच तर सुरक्षित बाजूला चुकतो.

बंद इंजिनाच्या बोटीवर यातले काय करता येते? काहीच नाही. शाफ्ट थरथरतो का, ग्लँडमधून पाणी किती येते, सुकाणू वेगात ओढते का, हेही पैसे मोजल्यावरच कळते. शिवाय ज्या मालकाने इंजिन मरू दिले, त्याने तळाकडे तरी लक्ष दिले असेल का?

पंख्याचे थोडक्यात सांगतो. विजेच्या मोटरला मोठा, सावकाश फिरणारा पंखा मानवतो. पात्याच्या टोकापासून तळापर्यंत व्यासाच्या 10 ते 15 टक्के जागा मोकळी हवी. ती बोट उचलून मोजा.

राहिला पैशांचा प्रश्न. चालते इंजिन गिअरबॉक्ससकट विकले जाते. बंद इंजिन भंगारात जाते. भावातला फरक बराचसा इथेच मिटतो. एकच अपवाद मी मान्य करतो: त्याच साच्याची दुसरी बोट जवळपास असेल आणि तिचा मालक अशी चाचणी घेऊ देत असेल, तर बंद इंजिनाची बोट खुशाल घ्यावी.